न खपणारे पुस्तक कोणी छापायचे? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याची गोष्ट

पुस्तकवेल्हाळ

१७१६ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून एक ग्रंथ बाहेर पडला. इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांच्या कॉप्टिक भाषेतला ‘नवा करार’ आणि त्याला जोडून लॅटिन भाषांतर, असे त्याचे स्वरूप होते. डेव्हिड विल्किन्स हे त्याचे संपादक. प्रती काढल्या ५००, आणि त्यांतली शेवटची प्रत विकली गेली १९०७ साली. साताऱ्यात शाहू छत्रपतींच्या दरबारी बाळाजी विश्वनाथ पेशवे होते तेव्हा छापलेले पुस्तक, पेशवाई बुडून ८९ वर्षे लोटली तेव्हा कुठे संपले. मधल्या १९१ वर्षांत ते कोणी रद्दीत काढले नाही, ही गोष्ट मला प्रथम वाचल्यापासून सोडत नाही. हा धागा मी त्यासाठीच काढला आहे.

कोणताही शहाणा व्यापारी असे पुस्तक हाती घेणार नाही, आणि घेतलेच तर दोन-चार वर्षांत गोदाम मोकळे करील. मग विद्यापीठाला ते कसे परवडले? या प्रश्नाच्या मागे लागले की छापखान्याचा जवळजवळ सगळा इतिहास हाती येतो, कारण खपणाऱ्या पुस्तकाच्या कमाईवर न खपणारे पुस्तक पोसायचे, ही व्यवस्था तिथे फार कष्टाने, भांडून आणि राजाकडून सनदा मिळवून उभी करावी लागली.

ऑक्सफर्डमध्ये पहिले पुस्तक छापले गेले १४७८ साली. त्या काळच्या तिथल्या छपाईशी कोलोनहून आलेल्या थिओडोरिक रूड या मुद्रकाचे नाव जोडले जाते. मात्र काही वर्षांतच ते काम थांबले आणि पुढे बराच काळ तिथे स्थिर असा छापखाना नव्हता. इंग्लंडमधील छपाई लंडनच्या ‘स्टेशनर्स कंपनी’च्या मुठीत होती. १५५७ च्या सनदेने या संघाला देशभरच्या छपाईवर अधिकार मिळाला होता आणि लंडनबाहेर कोणी यंत्र लावले तर ते जप्त करण्यास तो मागेपुढे पाहत नसे. जोसेफ बार्न्स या पुस्तकविक्रेत्याने विद्यापीठाकडून १०० पौंडांचे कर्ज घेऊन ऑक्सफर्डमध्ये छापखाना घातला, आणि १५८६ च्या ‘स्टार चेंबर’ या राजाच्या न्यायालयाच्या हुकमाने ऑक्सफर्डला एक छापयंत्र चालवण्याची परवानगी मिळाली.

खरा पाया घातला तो आर्चबिशप विल्यम लॉड यांनी. विद्यापीठाचे कुलपती या नात्याने त्यांनी १६३२ मध्ये आणि पुन्हा १६३६ मध्ये राजाकडून सनदा मिळवल्या. त्यांमुळे विद्यापीठाला सर्व प्रकारची पुस्तके छापण्याचा हक्क मिळाला, आणि ‘सर्व प्रकारची’ या शब्दांत बायबलही आले. बायबल म्हणजे घरोघरी लागणारे पुस्तक, हमखास खपाचे. लंडनच्या मुद्रकांनी ताबडतोब तोड काढली. विद्यापीठाने बायबल, पंचांगे आणि शाळेची व्याकरणे छापू नयेत, आणि त्याबदल्यात कंपनीने वर्षाला २०० पौंड द्यावेत, असा करार झाला. न छापण्याचे पैसे विद्यापीठ घेत राहिले. त्या पैशांची तेव्हा गरज होती हे खरे, पण कमाईचे पुस्तकच हातातून गेल्यावर विद्याग्रंथ कशावर छापणार?

ही कोंडी फोडली जॉन फेल यांनी. क्राइस्ट चर्च कॉलेजचे डीन, पुढे ऑक्सफर्डचे बिशप, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा माणूस. १६७२ मध्ये त्यांनी तीन सहकाऱ्यांसह विद्यापीठाचा छपाईचा हक्क स्वतःच भाड्याने घेतला आणि कंपनीशी असलेला करार संपू दिला. १६७५ मध्ये ऑक्सफर्डचे इंग्रजी बायबल निघाले. लंडनवाल्यांनी त्याच्याशी किमतीची स्पर्धा केली, तरी फेल मागे हटले नाहीत. छापखाना होता शेल्डोनियन थिएटरमध्ये. हे विद्यापीठाच्या समारंभांचे सभागृह, आणि समारंभ आला की छपाईचा पसारा आवरावा लागे. त्यांनी हॉलंडहून अक्षरांचे पोलादी ठसे आणि तांब्याचे साचे आणवले, ऑक्सफर्डमध्येच खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, ओतण्याची सोय केली, आणि कोणते ग्रंथ छापायचे याच्या याद्या केल्या: ग्रीक धर्मग्रंथ, पौर्वात्य भाषांतील हस्तलिखिते, प्राचीन इतिहासकार. १६८६ मध्ये ते वारले तेव्हा ती सारी सामग्री विद्यापीठाच्या कामी ठेवून गेले.

पुढे छापखान्यात ‘बायबलची बाजू’ आणि ‘विद्येची बाजू’ असे दोन भागच पडले. १८३० मध्ये छापखाना वॉल्टन स्ट्रीटवरील नव्या वास्तूत गेला, तेव्हाही या दोन बाजूंसाठी इमारतीचे दोन वेगळे पाख होते. कॉप्टिक नव्या कराराच्या ५०० प्रतींना १९१ वर्षे छप्पर मिळाले ते पहिल्या बाजूच्या जिवावर.

सभासदांनी आपल्या माहितीतली भर जरूर घालावी.

टिपणवही

उत्तम लेख. दोन गोष्टी जोडतो.

पहिली त्या १४७८ सालाबद्दल. पुस्तकाच्या शेवटी छापलेले साल प्रत्यक्षात १४६८ आहे. रोमन आकड्यांत एक ‘एक्स’ पडला आणि दहा वर्षे गायब झाली. चूक जुळाऱ्याची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कारागिराची, पण तिचा उपयोग झाला तो राजकारणात. विल्यम कॅक्स्टन यांनी इंग्लंडमध्ये छापखाना घातला तो १४७६ च्या सुमारास. ऑक्सफर्डची छपाई १४६८ ची ठरली तर ती कॅक्स्टनच्या आधीची होते. १६६४ मध्ये रिचर्ड अ‍ॅटकिन्स यांनी नेमका हाच आधार घेऊन असे मांडले, की छपाईची कला राजाच्या खर्चाने इंग्लंडात आली आणि म्हणून तिच्यावर राजाचा हक्क आहे. एका खिळ्याच्या चुकीतून केवढा दावा उभा राहू शकतो, हे यावरून दिसते.

दुसरी गोष्ट केंब्रिजची. ‘सर्वांत जुना विद्यापीठीय छापखाना कोणता’ हा वाद वारंवार निघतो, म्हणून नोंदवतो. केंब्रिजला आठव्या हेन्रीने १५३४ सालीच छपाईची सनद दिली होती. पण प्रत्यक्ष विद्यापीठाच्या मुद्रकाने पुस्तक छापले ते १५८४ मध्ये, म्हणजे सनद हाती आल्यावर ५० वर्षांनी. टॉमस टॉमस यांनी १५८३ मध्ये यंत्र आणले तर लंडनच्या कंपनीने ते जप्त केले. सनदेच्या सालापासून मोजले तर केंब्रिज जुने, पहिल्या पुस्तकापासून मोजले तर ऑक्सफर्ड. मात्र १५८४ पासून छपाईत खंड पडला नाही, हा केंब्रिजचा दावा मला अधिक वजनदार वाटतो. न्यूटन यांच्या ‘प्रिन्सिपिया’ची सुधारलेली दुसरी आवृत्ती १७१३ साली केंब्रिजलाच छापली गेली.

खिळेजुळारी

मी तरुणपणी काही वर्षे एका लहान छापखान्यात जुळणीचे काम केले आहे, म्हणून ऑक्सफर्डच्या एका प्रसिद्ध चुकीविषयी लिहितो.

१७१७ मध्ये जॉन बास्केट यांनी ऑक्सफर्डमध्ये दोन खंडांचे भव्य बायबल छापले. बायबल छापण्याचा विद्यापीठाचा हक्क तेव्हा त्यांनी भाड्याने घेतला होता. कागद उंची, अक्षर देखणे, चित्रे सुरेख. पण चुका इतक्या, की लोकांनी त्यांच्या आडनावावर कोटी करून त्याला चुकांची टोपली म्हटले. लूकच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आहे. त्या पानाच्या माथ्यावर ‘विनयार्ड’ऐवजी ‘व्हिनेगर’ छापले गेले, आणि तो ग्रंथ ‘व्हिनेगर बायबल’ म्हणूनच ओळखला जातो.

ही चूक मजकुरात नाही, पानाच्या माथ्यावरच्या ओळीत आहे. ज्याने जुळणी केली आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. मजकुराच्या ओळी स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, जुळवून गॅली नावाच्या लांब तबकावर उतरवल्या जातात आणि त्यांचे प्रूफ मुद्रितशोधक बोट ठेवून वाचतो. माथ्याची ओळ मात्र पाने पाडताना लावतात. ती वेगळी जुळवून दोऱ्याने बांधून ठेवलेली असते आणि एका पानावरून सोडवून दुसऱ्यावर चढवली जाते. सगळ्यांत मोठे अक्षर तिचे, आणि सगळ्यांत कमी वाचली जाणारी ओळही तीच. आमच्याकडे एकदा १६ पानांचा अख्खा फर्मा मागच्या प्रकरणाचे नाव माथ्यावर घेऊन छापला गेला. मजकुराचे प्रूफ तिघांनी वाचले होते आणि त्यात एक अनुस्वारही चुकलेला नव्हता. ती ओळ मीच चढवली होती. कागदाची थप्पी वाळत घातलेली असताना माझ्या ते लक्षात आले, तेव्हा पोटात पडलेला खड्डा मला अजून आठवतो.

बास्केट यांच्या काळाबद्दल एक मत नोंदवतो. हक्क भाड्याने दिला की विद्यापीठाला बसल्या जागी भाडे मिळते, पण प्रुफावरची नजर जाते. फेल यांनी स्वतः उभे राहून काम केले आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी ते ठेकेदारावर सोडले, हा फरक त्या पानाच्या माथ्यावर छापला गेला आहे.

पुस्तकवेल्हाळ

खिळेजुळारी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. ठेकेदारीविषयीचे आपले निरीक्षण पुढच्या घटनांशी जुळते. विल्यम ब्लॅकस्टोन हे प्रसिद्ध कायदेपंडित छापखान्याच्या देखरेख मंडळावर आले, तेव्हा त्यांनी हिशेबाच्या वह्या मागवल्या, छपाईचे दर लंडनच्या दरांशी ताडून पाहिले आणि १७५७ मध्ये कुलगुरूंना एक कडक पत्र लिहिले. मंडळ नावापुरते होते, बैठका होत नसत, आणि कारागीर मनाला येईल तसे काम करत, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या आग्रहातून कारभार सुधारला. त्यांचा स्वतःचा इंग्लंडच्या कायद्यावरील चार खंडांचा ग्रंथ १७६५ ते १७६९ या काळात याच छापखान्यात छापला गेला.

आजही ऑक्सफर्डमध्ये पुस्तकाला अंतिम मान्यता देतात ते ‘डेलिगेट’, म्हणजे विद्यापीठातील अध्यापकांचे मंडळ. केंब्रिजला त्यांनाच ‘सिंडिक’ म्हणतात. विद्यापीठाच्या नावाने पुस्तक निघते ते या शिक्क्यामुळे.

शब्दांकित

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटले. खपणाऱ्याने न खपणाऱ्याला पोसले, या व्यवस्थेची सर्वांत मोठी कसोटी तो कोश होता.

कोशाचे संपादक जेम्स मरी यांच्याशी छापखान्याने करार केला १ मार्च १८७९ रोजी. दहा वर्षांत चार खंड, असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तेव्हा काम ‘ए’पासून ‘अँट’ या शब्दापर्यंत आले होते. कोश पूर्ण झाला १९२८ मध्ये. मरी १९१५ मध्येच वारले होते. कोणता भांडवलदार ४९ वर्षे थांबला असता? छापखान्याचे अधिकारी मरींना वारंवार घाई करत, पैशांवरून कटकट करत, हेही खरे आहे. पण काम बंद केले नाही, आणि ते बंद न करण्याची ऐपत त्यांच्याकडे होती. १८७५ मध्ये ऑक्सफर्डने अतिशय पातळ पण अपारदर्शक असा ‘इंडिया पेपर’ बाजारात आणला आणि त्यावर छापलेली लहानशी बायबले अमाप खपली. नव्या कराराचे सुधारित इंग्रजी भाषांतर मे १८८१ मध्ये निघाले, तेव्हा पहिल्याच दिवशी ऑक्सफर्डच्या सुमारे १० लाख प्रती गेल्या. मरींच्या चिठ्ठ्या त्या वेळी अजून ‘ए’तच होत्या.

त्या चिठ्ठ्यांविषयीही लिहिले पाहिजे. जगभरचे वाचक पुस्तके वाचून एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, ते पुस्तक, त्याचे साल, पान आणि मूळ वाक्य उतरवून पाठवत. मरींच्या बागेतील पत्र्याच्या खोलीत त्या खणाखणांत लावल्या जात, आणि त्यांची मुलेही हे काम करत. एवढ्या पसाऱ्यात ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या आणि तो शब्द कोशात आलाच नाही. तो आला १९३३ च्या पुरवणीत.

गोतीर्थ

माझे टोपणनाव या धाग्याला शोभेल म्हणून खुलासा करतो. मॅक्स म्युलर यांनी सायणभाष्यासह संपादित केलेला ऋग्वेद १८४९ ते १८७४ या काळात सहा खंडांत निघाला. खर्च आधी ईस्ट इंडिया कंपनीने आणि कंपनीचे राज्य संपल्यावर ब्रिटिश सरकारच्या भारतमंत्र्यांनी उचलला आणि छपाई ऑक्सफर्डच्या विद्यापीठीय छापखान्यात झाली. त्याच्या संस्कृत मुखपृष्ठावर संपादकाने आपले नाव मोक्षमूलर, जन्म शर्मण्यदेशातला (म्हणजे जर्मनीतला) आणि वास्तव्य गोतीर्थातले असे दिले आहे. ‘ऑक्स’ म्हणजे बैल आणि ‘फर्ड’ म्हणजे नदीचा उतार, म्हणून ऑक्सफर्डचे झाले गोतीर्थ. देवनागरी न वाचणाऱ्या कारागिरांच्या हातून स्वरचिन्हांसह वेदमंत्र जुळवून घ्यायचे, या कामाची कल्पना खिळेजुळारींना सर्वांत चांगली येईल.

त्यानंतर म्युलर यांच्याच संपादनाखाली पौर्वात्य धर्मग्रंथांच्या भाषांतरांची ५० खंडांची माला १८७९ ते १९१० या काळात याच छापखान्याने काढली. तिचा आठवा खंड भगवद्गीतेचा, १८८२ सालचा. भाषांतरकार आहेत काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जे तेव्हा मुंबईत वकिली करत होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आपल्या एका विद्वानाने गीतेचा काळ ठरवण्यासाठी युरोपीय पंडितांशी केलेला मुद्देसूद वाद त्या प्रस्तावनेत आहे. तो वाद ऑक्सफर्डच्या छापखान्याने जसाच्या तसा जगापुढे ठेवला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

छापखान्याची शाखा मुंबईत १९१२ मध्ये उघडली. तिचे पहिले व्यवस्थापक ई. व्ही. र्‍यू. मूळ लेखकाचे सूत्र तिथेही लागू पडते. पाठ्यपुस्तके विकायची आणि त्यावर अभ्यासग्रंथ काढायचे. १९४४ मध्ये जिम कॉर्बेट यांचे कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तक मुंबई शाखेने काढले आणि ते जगभर खपले. १९४७ मध्ये त्याच शाखेने व्हेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरिया लोकांवरील जाडजूड ग्रंथ काढला, ज्याला वाचक मोजकेच मिळणार हे उघड होते.

पारखी

सर्वांच्या आस्थेचा आदर राखून विरोधी बाजू मांडतो. आपण ज्याला पोसणे म्हणत आहात त्याचे दुसरे नाव मक्तेदारी आहे. बायबल छापण्याचा हक्क बाकीच्यांना नाकारला होता, म्हणूनच ते इतके फायद्याचे ठरले. १७७४ मध्ये लॉर्ड सभेने कायमस्वरूपी प्रतहक्क (कॉपीराइट) नसतो असा निवाडा दिला. त्यावर दुसऱ्याच वर्षी विद्यापीठांनी संसदेकडून स्वतःपुरता अपवाद करून घेतला: त्यांना दान मिळालेल्या ग्रंथांचा हक्क कायम त्यांच्याकडेच राहील. हा अपवाद रद्द झाला १९८८ च्या कायद्याने, आणि तोही पूर्णपणे संपणार आहे २०३९ च्या अखेरीस.

आणि अगदी अलीकडचे पाहा. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि आणखी एका प्रकाशकाने दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतील नेमलेली प्रकरणे एकत्र छापून दिली जात होती, एवढेच त्याचे कारण. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, कारण अध्यापनासाठी अशा प्रती काढण्यास १९५७ च्या आपल्या कायद्यात मुभा आहे. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला. विद्येसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांनी विद्यार्थ्यांच्या वाचनावर न्यायालयात जावे, हे मला पटत नाही.

पुस्तकवेल्हाळ

पारखी, आपला आक्षेप मी टाळणार नाही. दिल्लीच्या दाव्याविषयी मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, आणि तो सोडून दिला गेला याचे मला समाधान आहे. आपल्या बाजूला मी आणखी एक दाखला देतो: १९९८ मध्ये ऑक्सफर्डने समकालीन कवितेची आपली यादी खपत नाही म्हणून बंद केली, आणि त्यावर इंग्लंडमध्ये मोठा निषेध झाला. १९१ वर्षे कॉप्टिक ग्रंथ सांभाळणाऱ्या छापखान्याला हयात कवी जड व्हावेत, याचे मलाही वाईट वाटते.

मात्र मक्तेदारी तर लंडनच्या कंपनीकडेही होती, आणि आधी होती. बायबल व पंचांगे सांभाळण्यासाठी तिने स्पर्धकाला वर्षाला २०० पौंड मोजले. सवलत मिळाल्यावर तिच्यातून काय छापले, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर सरकारनेही एकदा मागितले होते. आम्ही विद्यापीठाचा भाग आहोत, नफा कोणा भागधारकाला जात नाही, म्हणून आम्हाला कर नको, हे दोन्ही छापखान्यांचे म्हणणे अनेक वर्षे अमान्य होत राहिले. केंब्रिजला करमाफी मिळाली १९७६ मध्ये आणि ऑक्सफर्डला १९७८ मध्ये. करमाफी घेणाऱ्याला आपण विचारलेला प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक वाचकाला आहे, असे माझेही मत आहे.

खिळेजुळारी

एकच विचारतो. तिथे आता छपाई होते का? आणि फेल यांचे ते ठसे कुठे आहेत?

पुस्तकवेल्हाळ

वॉल्टन स्ट्रीटवरील छपाईचा विभाग १९८९ मध्ये बंद झाला. केंब्रिजनेही २०१२ मध्ये स्वतःची छपाई थांबवली. प्रकाशन चालू आहे; छपाई बाहेरून करून घेतात.

फेल यांचे ठसे आणि साचे मात्र ऑक्सफर्डमध्ये जपून ठेवलेले आहेत. १९६७ मध्ये मुद्राक्षरांचे अभ्यासक स्टॅन्ली मॉरिसन यांचा फेल यांच्यावरील मोठ्या आकाराचा ग्रंथ छापखान्याने काढला. तो सगळा हाताने जुळवला होता, आणि फेल यांच्याच खिळ्यांत. पुस्तक ऑक्टोबरात निघाले आणि त्याच महिन्यात मॉरिसन वारले.